शुक्रवारचं परस्थान

१

बॅग भरणं ही शार्दूलच्या हातातली एकुलती एक कला आहे, असं त्याची बायको कीर्तना म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. तळाला सेफ्टी शूज, जुन्या पिशवीत गुंडाळलेले. त्यावर पँट्स. शर्ट घडी करून नाही, गुंडाळी करून, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत. दाढीचं सामान मोज्यांच्या पोटात. हॉटेलात घालायच्या चपला कडेला उभ्या. चार्जर सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात वर, कारण मुक्कामाला पोचल्यावर माणसाच्या आधी त्याचा फोन तहानलेला असतो. मोटारींना रंग देणारे रोबो कारखान्यांत बसवायचे आणि चालू करून द्यायचे, हे त्याचं काम. ऑफिस नावाला चेन्नईच्या शोळिंगनल्लूर भागात होतं. महिन्यातले निम्मे दिवस तो कुठल्यातरी परगावच्या शेडमध्ये असायचा. मूळचा साताऱ्याकडचा गडी, पण चेन्नईत येऊन इथलीच मुलगी केली, तंजावरकडच्या मराठी घरातली, आणि अड्यारला सासूबाईंच्या फ्लॅटमध्ये घरजावयासारखा राहू लागला. त्यातला 'सारखा' हा त्याचा स्वतःचा शब्द. मित्र तो गाळूनच सांगत.

मग करोना आला आणि बॅग माळ्यावर गेली.

जगाचं काय व्हायचं ते झालं, पण शार्दूलला त्या वर्षाने एक गोष्ट दिली होती, आणि ती तो कोणाजवळ बोलून दाखवत नसे, कारण तेवढी माणसं मरत असताना असलं काही बोलणं बरं दिसत नाही. त्याला त्याची मुलगी मिळाली होती. आधी तो दौऱ्यावरून परतला की रेवा आजीच्या पदराआड जायची आणि तिथून एका डोळ्याने त्याच्याकडे बघायची. ओळख पटेपटेपर्यंत पुढच्या दौऱ्याची तारीख यायची. आता मात्र ती त्याच्या पाठीवर बसून घरभर फिरत होती, त्याच्याच ताटात जेवत होती, तिचा 'अप्पा' दर दोन मिनिटांनी ऐकू येत होता. पुन्हा तिला परकं होण्याची त्याला भीती वाटायची.

म्हणून दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात ऑफिसचा फोन आला, मानेसरच्या कारखान्यातली लाइन बंद पडली आहे, तुम्हालाच जावं लागेल, तेव्हा त्याने आधी तीन कारणं सांगितली आणि मग हो म्हटलं. नाही म्हणणाऱ्यांच्या खुर्च्या त्या वर्षी फार लवकर रिकाम्या होत होत्या.

२

नियम कडक होते. निघण्याआधी घरातच एका खोलीत वेगळं राहायचं, तपासणी करून घ्यायची, निकाल चांगला आला की मगच विमान. तपासणी झाली, निकाल चांगला आला, तरी शार्दूल मागच्या खोलीतून बाहेर पडला नाही. उगाच शेवटच्या क्षणी विषाची परीक्षा कशाला? खोलीला लागून न्हाणीघर होतं, खिडकी इमारतीच्या चौकात उघडत होती. कीर्तना दाराशी ताट ठेवून दोन टकटका करायची. रेवा दाराला तोंड लावून गोष्टी सांगायची आणि तो आतून हुंकार द्यायचा.

गाडी येणार होती शनिवारी सकाळी, आणि ती वेळ नेमकी राहुकाळात पडत होती. सासूबाईंना, म्हणजे सईबाईंना, ते खपणं शक्य नव्हतं.

"शार्दूलराव," त्या दाराबाहेरून म्हणाल्या, "शुक्रवारी सकाळीं वेळ चोखोट आहे. तुम्हचं परस्थान ठेवूं. खालीं नारायणस्वामींकडे. सरी?"

परस्थान म्हणजे काय हे शार्दूलला ऐकून ठाऊक होतं. मुहूर्ताला स्वतः निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू त्या वेळेला घराबाहेर काढून दुसऱ्याच्या घरी ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे आपण निघालो. मग जाताना ती उचलून पुढे जायचं. साताऱ्याकडे हे त्याच्या आजोबांबरोबरच संपलं होतं. तंजावरच्या मंडळींनी मात्र दोन-तीनशे वर्षं परमुलखात राहून सगळं जसंच्या तसं सांभाळलं होतं. त्याला गंमत वाटली. सासूला दुखवून काय मिळवायचंय, असाही एक हिशेबी विचार आला.

"काय द्यायचं सांगा."

"अंगावरून काढलेला एक सदरा. मी त्यांत सुपारी नि मूठभर तांदूळ बांधतें. एवढंच."

आता माणूस इंजिनिअर असला की त्याला कुठल्याही गोष्टीत सोय दिसते. खोली अरुंद, त्यात भरलेली बॅग येता-जाता पायात येत होती. शार्दूल म्हणाला, "सदरा कशाला? अख्खी बॅगच ठेवा ना खाली. एका दगडात दोन पक्षी."



"अस्की वस्तु देऊं नये," सईबाई म्हणाल्या; अस्की म्हणजे सगळी. "मागें कांहीं राहूं दे तुम्हचं."

"मी राहतोय की मागे!" तो हसून म्हणाला.

सईबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, परस्थान ठेवल्यावर माणसाने पुन्हा घरांत पाठ टेकूं नये अशी रीत आहे, पण एका रात्रीचाच प्रश्न आहे, तेवढं मी देवाला सांगतें. शार्दूलने अंगातला निळा सदरा काढला, बॅगेवर टाकला, ऑफिसचा फोन आणि ओळखपत्रही आत सरकवलं आणि बॅग दाराबाहेर लोटली. कीर्तनाने हातमोजे घालून ती खाली नेली. जिन्यावरून चाकं उतरतानाचा खडखड आवाज त्याने शेवटपर्यंत ऐकला.

३

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या स्वतःच्या फोनवर ऑफिसचा निरोप आला. विमान रद्द. नवी तारीख कळवू.

खरं सांगायचं तर शार्दूलला आनंद झाला. तो कीर्तनाला हाक मारणारच होता. पण नुकताच रेवाने दाराशी बसून निरोप घेतला होता, भोकाड पसरलं होतं, आणि कुठे आत्ता शांत होऊन झोपायला गेली होती. आता हिला उठवून नाही जात म्हणायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच रडं? सकाळी सांगू, असं म्हणून तो आडवा झाला. रीत मोडतोय हे त्याच्या मनातही आलं नाही.

सकाळी जाग आली ती उशिरा, मिक्सरच्या आवाजाने. ऊन खिडकीच्या गजांवर आलं होतं. दाराशी कॉफी नव्हती. कीर्तना काही झालं तरी कॉफी चुकवत नसे; भांडण असलं तरी कॉफी यायची, फक्त साखर कमी असायची. त्याने दार किलकिलं केलं. ताट नाही, टंबलर नाही.

बाहेर कीर्तना फोनवर बोलत होती, साताऱ्याला, त्याच्या आईशी.

"हो आई, गेला. वेळेवर आली गाडी. मी गॅलरीतून हात केला, पण वर बघितलं नाही त्याने. तो मास्क, वर तो प्लास्टिकचा पडदा... हो, पोचला की करेल फोन."

शार्दूल दाराच्या फटीशी उभा राहून हसला. आईला विमान रद्द झाल्याचं सांगितलं तर ती दिवसभर काळजी करत बसेल, म्हणून थाप मारली असणार. पण मग कीर्तनाला विमान रद्द झाल्याचं कळलं कुठून, हा प्रश्न त्याला दात घासताना पडला. ब्रश बॅगेत गेला होता. तो बोटानेच घासत होता.

४

त्याने तिला निरोप पाठवला: मी घरातच आहे. कॉफी?

बैठकीच्या खोलीत तिचा फोन वाजला. मग तिचं हसू ऐकू आलं.

"अम्मा, बघ तरी काय लिहिलंय! म्हणे मी घरातच आहे. विमानतळावर बसून नाटकं सुचतात."

"निघतांना मन मागें राहतें," सईबाई म्हणाल्या.

शार्दूलने दारावर टकटक केली. मग थापा मारल्या. "कीर्तना! अगं, खरंच मी इथे आहे!"

बाहेरचं बोलणं थांबलं. "मागच्या खोलीत काही वाजतंय का गं?" कीर्तनाने विचारलं. "उंदीर शिरलाय बहुतेक. चौकातून येतात मेले."

"राहूं दे. माणूस गेल्या दिवशीं खोली उघडूं नये."

एखाद्याच्या अंगाला काटा आला असता. शार्दूलला राग आला. ही मायलेकींची काही थट्टा असेल तर ती फार लांबली होती. त्याने दार सताड उघडलं आणि मास्क लावून सरळ बैठकीत आला. तिथे कोणी नव्हतं. कीर्तना स्वयंपाकघरात पाठमोरी, कढीपत्ता फोडणीत टाकत होती. "ए," तो म्हणाला. तिने फोडणीवर झाकण ठेवलं, हात पुसला, वळली, आणि त्याच्या बाजूने, अगदी कपड्याला कपडा लागेल इतक्या जवळून, निघून गेली. जाता जाता तिने पंख्याचं बटण दाबलं. "काय उकडतंय या जागी," ती पुटपुटली.

तो तसाच उभा राहिला. मग पहिली गोष्ट त्याने काय केली असेल, तर भांड्यातला दहीभात खाल्ला, ओट्याशी उभ्या उभ्या, हाताने. आपण मेलो असू, असा विचार चाटून गेला होता, पण मेलेल्या माणसाला एवढी कडकडून भूक लागत नाही. दहीभात थंड होता, त्यात मोहरी दाताखाली येत होती. ते खरं होतं.

थोड्या वेळाने सईबाईंनी ते भांडं पाहिलं आणि मांजराला शिव्या दिल्या.

५

दुपारी घर झोपलं. अग्निनक्षत्राचे, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्याचे दिवस, रस्त्यावर लॉकडाऊन, त्यामुळे अड्यारसारख्या भागातही इतकं सामसूम होतं की शेजारच्या इमारतीतली पाण्याची मोटर ऐकू येत होती. रेवा मात्र झोपली नव्हती. बैठकीत फरशीवर पोटावर पडून ती चित्र रंगवत होती.

शार्दूल भिंतीला धरून उभा राहिला. तपासणी चांगली आली होती, पण परवा आलेल्या निकालाचा आज काय भरवसा? आपल्यालाच ताप चढला असेल, हे सगळं तापातलं असेल, आणि मग आपण तिला जवळ घेतलं तर? तो लांबूनच म्हणाला, "रेवा. शोन्या."

तिचा हात थांबला नाही. ती निळा रंग भरत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. खडू कट्कन मोडला. तिने तुकडा उचलला आणि त्याच जागी गिरवत राहिली. तिने वर पाहिलं नाही.

याहून मोठा घाव त्याला आजवर कोणी घातला नव्हता. तो दाराबाहेर पडला आणि जिना उतरला. बॅग आणायची, आत आणून टाकायची, परस्थान मोडून टाकायचं, झालं. सासूबाईंच्या रीतीवर आपला विश्वास बसतो आहे हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

नारायणस्वामी हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ तळमजल्याच्या जाळीदार व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. बॅग ठेवली होती त्या कोपऱ्यात आता फक्त तांदळाचे चार दाणे होते.

"सर, माझी बॅग?" शार्दूलने जाळीतून विचारलं.

म्हाताऱ्याने मान वर केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन लॉकडाऊनमुळे राहून गेलेलं. "हरिप्रिया," त्यांनी आत बायकोला हाक मारली, "बाहेर कोण आहे बघ. वरच्या शार्दूलसारखा आवाज आला."

हरिप्रियाबाई आल्या. जाळीशी तोंड आणून त्यांनी त्याच्यातून पलीकडे, फाटकापर्यंत पाहिलं. "कोणी नाही. शार्दूल सकाळीच नाही का गेला? इथूनच बॅग घेऊन."

"हो, हो. मी म्हटलं, वॉचमनला बोलावतो, जड असेल. तर म्हणाला, नको. हलकी आहे."

त्या बॅगेत सेफ्टी शूज होते, पुढे लोखंड बसवलेले. ती बॅग तो स्वतः कधी एका हाताने उचलत नसे.

तो फाटकाकडे धावला. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. नाक्यावर पोलीस होते, त्यांनी अडवलं असतं तर बरंच झालं असतं, कोणीतरी अडवावं असंच त्याला वाटत होतं. पण फाटकाबाहेर पाऊल टाकताच तो कळवळून मागे आला. पायात काही नव्हतं. बूट गेले होते, चपला बॅगेत गेल्या होत्या, आणि मे महिन्यातल्या दुपारचं चेन्नईचं डांबर अनवाणी माणसाला चार पावलंसुद्धा चालू देत नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला. मग तळवे चोळत जिन्याच्या सावलीत बसला. नाक्यावरचा पोलीस लिंबू-सरबत पीत होता, त्याने याच्या आरड्याओरड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

६

रविवारपर्यंत शार्दूलने स्वतःला समजावून समजावून दमवलं होतं. बिघाड शोधणं हा ज्याचा धंदा, तो माणूस सहजासहजी हार मानत नाही. यंत्र बरोबर असतं, तार सैल असते. काहीतरी सैल होतं. या आजारात म्हणे भास होतात. कदाचित तो ताप येऊन खोलीत पडला होता, कीर्तना वेळच्या वेळी पाणी देत होती, आणि त्यालाच ते कळत नव्हतं. हा विचार त्याला इतका गोड वाटला की तो गादीवर पडून त्या पाण्याची वाट बघत राहिला. पाणी कोणी दिलं नाही. त्याने ते नळाचंच प्यायलं.

दुपारी ऑफिसच्या गटावर फोटो आला. मानेसरची शेड, चार माणसं रांगेत, सगळ्यांच्या अंगात पांढरे संरक्षक पोशाख, डोक्यावर हेल्मेट, तोंडावर मास्क. खाली त्याच्या हाताखालच्या जयतीर्थने लिहिलं होतं: शार्दूल सर पोचले, लाइन उद्या सुरू!

शार्दूलने फोटो मोठा केला. त्या वर्षी कोणाचा चेहरा कोणाला दिसत होता? त्या पोशाखात कोणीही असू शकत होतं. ऑफिसने दुसऱ्या कोणाला पाठवलं असेल, जयतीर्थचा घोटाळा झाला असेल. मग त्याने पायांकडे पाहिलं. डावीकडच्या माणसाच्या बुटावर पिवळ्या रंगाचा ओघळ होता. पूर्वी एकदा नळी फुटली तेव्हा उडालेला. तो ओघळ त्याने स्वतः रॉकेलने घासून घासून शेवटी सोडून दिला होता.

त्याने लिहिलं: मी चेन्नईत आहे. तो मी नाही.

हसणारे पिवळे चेहरे आले, चार-पाच. मग जयतीर्थचं उत्तर आलं: सर, समोर उभे राहून काय टाइप करताय! चहा घ्या.

आता त्याला खरोखरच भीती वाटली. आपण नाहीसे होतो आहोत याची ती नव्हती. आपल्या जागी सगळं व्यवस्थित चाललं आहे, कोणाचं काही अडलेलं नाही, याची होती. तिकडे कोणीतरी त्याचे शर्ट गुंडाळीतून सोडवून घालत होतं. संध्याकाळी घरी फोन करणार होतं. आणि रेवाला तो फोनवरचा अप्पा पुरणार होता, कारण अप्पा फोनवर असणं तिला लहानपणापासून सवयीचं होतं.

हे मात्र तो होऊ देणार नव्हता. बाकी काय न्यायचं ते ने, तो त्या फोटोला म्हणाला. बॅग ने, नोकरी ने. पोर माझी आहे.

७

दिवेलागणीला फोन आला. सईबाई देवघरात होत्या. कीर्तनाने फोन जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, रेवाला समोर खुर्चीत बसवलं आणि कुकर बंद करायला आत गेली.

शार्दूल खोलीच्या दारात उभा होता. तिथून फोनचा पडदा दिसत होता. गेस्टहाऊसची पांढरी भिंत, निळा सदरा, मास्क, आणि मास्कच्या वर डोळे. स्वतःचे डोळे माणूस आरशात रोज बघतो, पण ते दुसरीकडे बघत असताना कधी बघत नाही.

"अप्पा, दात पडला!" रेवा म्हणाली आणि तोंड उघडून दाखवलं.

दात कधी पडला ते शार्दूलला माहीत नव्हतं. त्याच घरात असून माहीत नव्हतं.

"अरे वा," पडद्यावरचा म्हणाला. आवाज त्याचाच, नाकातून हसायची लकबसुद्धा. "दुखलं का गं?"

पुरे झालं. आजार, ताप, काल-परवाचा निकाल, सगळं गेलं खड्ड्यात. शार्दूलने मास्क ओढून काढला आणि बैठक ओलांडून रेवाच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. तिला उचलायचं, छातीशी धरायचं, मग बघू कोण अप्पा ते. त्याने हात पुढे केला.

पडद्यावरचे डोळे वर उचलले गेले. तिच्या डोक्यावरून ते सरळ त्याच्याकडे पाहू लागले. दोन दिवसांत त्याच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही की क्षणभर त्याला बरं वाटलं.

रेवाचे खांदे ताठ झाले. तिने खुर्चीच्या कडा धरल्या. मान न वळवता, आईला ऐकू जाणार नाही अशा बारीक आवाजात ती म्हणाली, "अप्पा, तो परत बाहेर आलाय."

"माहीत आहे," पडद्यावरचा म्हणाला. "वळायचं नाही."

"माझ्या मागे आहे."

"काल बघितलंस का त्याच्याकडे?"

"नाही. तू फोनवर सांगितलंस तसं नुसतं रंगवत बसले." तिचा आवाज फुटला. "माझं नाव घेत होता तो, अप्पा."

"शहाणी माझी ती."

शार्दूलचा हात तिच्या केसांपासून चार बोटांवर थांबला होता. "रेवा," तो म्हणाला, जितक्या हळू म्हणता येईल तितक्या हळू. "मी आहे गं. हा बघ मी."

तिने डोळे घट्ट मिटून घेतले. मिटल्या पापण्यांमधून पाणी गालावर आलं. तोंडातल्या तोंडात ती आजीने शिकवलेलं मारुतीचं स्तोत्र म्हणू लागली, अर्धवट, शब्द गाळत. लहान मुलं अंधारात न्हाणीघराकडे जाताना म्हणतात तसं.

तो तिला धरू शकला असता. आता त्याला ते कळत होतं. बाकी कोणाला तो जाणवत नव्हता, पण तिला जाणवला असता. ती किंचाळली असती. कीर्तना धावत आली असती आणि तिला काहीच दिसलं नसतं, आणि पोर त्याच्या हातात, त्याच्याच भीतीने, फिट आल्यासारखी थरथरत राहिली असती. पडद्यावरचा नुसता बघत होता, घाई नसलेल्या माणसासारखा.

शार्दूलने हात मागे घेतला.

तो पाठ न वळवता एकेक पाऊल मागे गेला, झोपलेल्या पोराच्या पाळण्यापासून बाप जातो तसा, फरशीवर तळवे वाजू न देता. मागच्या खोलीत शिरला. दाराला ओढलं की ते आपटायची सवय होती, म्हणून त्याने दोन्ही हातांनी धरून ते हळूच लावलं. आतून कडी घातली. बाहेर कुकरची वाफ सुटली, कीर्तना काहीतरी गुणगुणत होती.

"गेला का गं?" बाहेरून त्याच्याच आवाजात कोणीतरी विचारलं.

मग रेवाने नाक ओढलं.

"गेला," ती म्हणाली. "अप्पा, तू कधी येणार?"

शार्दूलने दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले, कारण उत्तर त्याच्या ओठांवर आलं होतं.